आपल्याच फायली वाचण्यासाठी ई-रीडर: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

ई-रीडर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: कुठला घेऊ? त्याचं उत्तर या लेखात आहे, पण मुद्दाम बरंच पुढे ठेवलं आहे. ज्यांच्याकडे पुस्तकांच्या फायली आधीपासून आहेत, लॅपटॉपच्या कुठल्या तरी फोल्डरात, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपच्या डाउनलोडमध्ये साठलेल्या, आणि त्या आता निवांत बसून, डोळे न शिणवता वाचायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकाच कंपनीच्या दुकानातून पुस्तक घेऊन त्याच कंपनीच्या यंत्रावर वाचायचं असेल तर फारसा विचार करायची गरज नाही. स्वतःच्या फायली चढवायच्या, आणि त्याही मराठी, म्हटलं की गणित बदलतं. तिथे आधी फायली बघायच्या आणि त्यांच्यावरून यंत्र ठरवायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात: सवलत दिसली की यंत्र मागवतात आणि मग फायली त्यावर नीट दिसत नाहीत म्हणून ते कपाटात जातं. चांगलं यंत्र असं पडून राहिलेलं बघून मला फार वाईट वाटतं.

पायरी पहिली: आपल्याकडे नेमकं काय आहे?

एका संध्याकाळी बसून सगळ्या फायली एका फोल्डरात आणा आणि प्रकारानुसार लावा. चार-पाच गट पडतील.

ईपब हा सगळ्यात कामाचा. २००७ पासून हा ई-पुस्तकांचा खुला, प्रमाणित प्रकार आहे. आत वेबपानांचा असतो तसाच मजकूर झिप करून ठेवलेला असतो, त्यामुळे पडदा केवढाही असला तरी ओळी नव्याने जुळतात आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोबी आणि एझेडडब्ल्यू३ हे ॲमेझॉनच्या घरचे प्रकार. त्यांना कुलूप (कॉपी किंवा बदल रोखणारं कंपनीचं बंधन) नसेल तर ते ईपबमध्ये सहज बदलता येतात. वर्डच्या फायलीही अडचणीच्या नाहीत.

राहिला पीडीएफ. पुण्यातल्या मराठी वाचकाच्या फोल्डरात बहुतेक वेळा हाच गट सगळ्यात मोठा निघतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मोफत उपलब्ध करून दिलेली पुस्तकं पीडीएफ, ई-साहित्य प्रतिष्ठानची बहुतेक पुस्तकं पीडीएफ, इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकंही पीडीएफच. म्हणून या गटाकडे जरा जास्त वेळ देऊ.

पीडीएफ तीन जातींचे असतात आणि नुसतं बघून ते ओळखू येत नाहीत. ओळखायची युक्ती सोपी आहे. फाइल संगणकावर उघडा, एखादी ओळ माऊसने निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायच्या मेसेजमध्ये पेस्ट करा. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर आतला मजकूर युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) आहे, म्हणजे उत्तम. ओळ निवडताच येत नसेल, सगळं पान एका चित्रासारखं पकडलं जात असेल, तर तो स्कॅन आहे. आणि मराठी ओळीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा काला उमटला, तर ती तिसरी जात.

ही तिसरी जात आपल्याकडे फार आढळते आणि तिचं कारण पुण्याशीच जोडलेलं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींवर होत असे. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. पुण्यातल्याच सी-डॅकची आयएसएमही अशीच घरोघरच्या डीटीपी केंद्रांत असायची. या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते. कागदावर सुरेख मराठी छापून येई, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच राहिला. त्या काळात त्याला दुसरा मार्ग नव्हता आणि त्या प्रणालींनीच मराठी छपाई संगणकावर आणली, त्यामुळे त्यांचा आदरच वाटतो. पण असा पीडीएफ ईपबमध्ये बदलायला गेलात की हाती फक्त काला लागतो. त्यातला शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करून ओळी पुन्हा जुळवता येत नाहीत.

यावर उपाय आहे, पण मेहनतीचा. असा पीडीएफ किंवा स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडला की गुगल पानावरची अक्षरं चित्रावरून ओळखून मजकूर तयार करतं. मराठी त्याला बऱ्यापैकी जमतं. मोठं पुस्तक एकदम न देता थोड्या थोड्या पानांचे तुकडे करून द्या. मग चुका दुरुस्त करा. रफार, अनुस्वार आणि जुन्या छपाईतली पुसट जोडाक्षरं हमखास चुकतात. शेवटी डॉक्समधूनच ईपब म्हणून फाइल उतरवून घेता येते. एखाद्या लाडक्या पुस्तकासाठी एवढं जरूर करा. शंभर पुस्तकांसाठी करू नका, त्यापेक्षा मोठ्या पडद्याचं यंत्र घ्या.

तर फोल्डर लावून झालं की एका कागदावर लिहा: ईपब किती, युनिकोड पीडीएफ किती, आणि स्कॅन व जुन्या फॉन्टचे किती. पुढचे सगळे निर्णय या तीन आकड्यांवर आहेत.

फायली अजून जमवायच्या असतील तर मराठी विकिस्रोतावर जा. तिथली पुस्तकं ईपब म्हणून उतरवता येतात आणि मजकूर युनिकोडच असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. म्हणजे कायदेशीर आणि फुकट असं मराठीत भरपूर आहे. व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफबद्दल माझं मत ठाम आहे: त्या चढवू नका. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती खपायलाही वर्षं लागतात, तिथे एक फुकट फिरणारी फाइल लेखकाला आणि प्रकाशकाला खरोखर महागात पडते.

पायरी दुसरी: पडद्याचं माप

ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा मागून उजळत नाही. त्यात काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे विद्युतभारित सूक्ष्म कण असतात. विजेच्या झटक्याने ते वर-खाली होतात आणि एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. बाहेरचा उजेड त्यावरून परावर्तित होतो, म्हणून भर दुपारी गच्चीतल्या उन्हातही तो कागदासारखा वाचता येतो आणि एकदा चार्ज केला की आठवडे चालतो. पुढून येणारे बारीक दिवे फक्त अंधारासाठी. हे सगळ्याच ई-रीडरमध्ये जवळपास सारखं असतं. फरक पडतो तो मापाने.

सहा इंची पडदा म्हणजे साधारण ९ बाय १२ सेंटीमीटर. सात इंची म्हणजे साडेदहा बाय चौदाच्या आसपास. १०.३ इंची म्हणजे जवळपास १६ बाय २१. आता शेल्फवरचं नेहमीच्या डेमी आकाराचं मराठी पुस्तक घ्या आणि पट्टीने मोजा: सुमारे १४ बाय २१.५ भरेल. म्हणजे १०.३ इंची पडद्यावर त्याचा स्कॅन जवळजवळ मूळ आकारात दिसतो, आणि सहा इंचीवर दोन तृतीयांशाहून लहान होतो. समास कापून थोडी भर पडते, तरी वेलांट्या-मात्रा बारीक होतात. देवनागरीत ओळीच्या वर आणि खालीही चिन्हं असतात, त्यामुळे रोमन मजकूर ज्या आकारात चालून जातो त्या आकारात मराठी वाचताना डोळे ताणावे लागतात.

ही तपासणी पैसे न भरता घरीच करता येते. कोऱ्या कागदात ९ बाय १२ चा चौकोन कापा. तो कागद संगणकाच्या पडद्यावर धरा आणि तुमचा पीडीएफ लहान करत करत अख्खं पान त्या चौकोनात बसवा. आता नेहमीच्या अंतरावरून वाचा. दोन पानं सहज वाचून झाली तर सहा इंची यंत्र चालेल. पहिल्या परिच्छेदातच डोळे बारीक करावे लागले तर चालणार नाही, मग कुणी कितीही सांगो. पुढचे चौकोन कापून हाच प्रयोग करा. घरातल्या आजीसाठी किंवा काकांसाठी यंत्र घेत असाल तर हा प्रयोग त्यांच्याच डोळ्यांनी करा.

माझा सल्ला असा: फोल्डरात ईपब आणि वर्ड जास्त असतील तर सहा किंवा सात इंच. हलकं असतं, मेट्रोत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात मावतं. स्कॅन आणि जुन्या फॉन्टचे पीडीएफ निम्म्याहून जास्त असतील तर १०.३ इंच, किंमत जास्त असली तरी. मधलं ७.८ इंची माप दोन्हीकडे थोडं थोडं देतं, पण स्कॅन वाचणाऱ्याचं समाधान त्यावर पुरतं होत नाही. पोथ्यांचे स्कॅन वाचणाऱ्यांनी, भांडारकर संस्थेत जाणारे असे वाचक पुण्यात काही कमी नाहीत, एक आणखी बघावं: पोथीचं पान आडवं असतं, तेव्हा यंत्र आडवं धरल्यावर पान फिरतं का ते तपासा.

रंगीत पडद्याचा मोह होईल. दिवाळी अंक आणि मुलांची चित्रमय पुस्तकं त्यावर छान वाटतात. पण सध्याच्या रंगीत ई-पेपरवर काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतो तर रंग १५० ठिपक्यांनीच, आणि रंगाच्या थरामुळे पानाची पार्श्वभूमी काळसर होते. मुख्यतः मजकूर वाचणाऱ्याने साधाच घ्यावा.

पायरी तिसरी: देवनागरीची परीक्षा

परदेशी चर्चांत ही पायरी नसते, आणि आपलं तिच्यावरच अडतं.

'कि' टाइप करताना आधी क येतो आणि मग वेलांटी. वाचताना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरांचे आकार बदलायचे, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर न्यायचा, हे सगळं यंत्रातला वाचन-प्रोग्रॅम करतो. तो त्यात कच्चा असेल तर फॉन्ट कितीही सुंदर असो, मराठी मोडतेच. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आधीच ठरवून ठेवलेले असतात, त्यामुळे तिथे ही भानगड दिसत नाही. म्हणून दुकानदाराने किंवा मित्राने पीडीएफ उघडून "हे बघा, मराठी येतं" म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नका. ईपब उघडायला सांगा.

परीक्षेसाठी स्वतःची एक छोटी फाइल करून ठेवा. गुगल डॉक्समध्ये पुढच्या ओळी टाइप करा आणि ईपब म्हणून उतरवा:

दऱ्याखोऱ्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याची तऱ्हाच न्यारी. ऱ्हस्व-दीर्घ, वाङ्मय, उच्छ्वास, कर्तृत्व, ज्ञान, क्षितिज, श्रीकृष्ण, मूर्ती, शाळा, लळा, ॲप, ऑफिस, बॅट, १२३४५६७८९०.

ही ओळ मुद्दाम अवघड आहे. 'वाऱ्याची' मधला चंद्रकोरीसारखा र मराठीची खास गरज आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये त्याच्याकडे दुर्लक्ष झालेलं असू शकतं. 'ॲप' मधलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये नंतर आलं, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, पाय मोडलेली सुटी अक्षरं, ठिपक्यांचं वर्तुळ, यांपैकी काहीही दिसलं तर तो वाचन-प्रोग्रॅम किंवा तो फॉन्ट नापास.

नापास झाला म्हणजे यंत्र बाद, असं मात्र नाही. आधी फॉन्ट बदलून बघा. किंडल आणि कोबो या दोन्ही ई-रीडरवर 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरात आपले फॉन्ट टाकता येतात. 'टिरो देवनागरी मराठी' आणि राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हे मला विशेष आवडतात, कारण त्यांत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. लहानपणापासून ज्या वळणाचं वाचलं त्याच वळणाचं वाचताना डोळे अडखळत नाहीत, हा अनुभव तुम्हीही घ्या. काही फॉन्टमध्ये ही मराठी वळणं असतात, पण पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तेव्हाच ती प्रकट होतात. ती नोंद कशी करायची ते पुढे येतं.

पायरी चौथी: आता यंत्र

बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत.

किंडल भारतात सगळ्यात सहज मिळतं, दुरुस्ती-बदलीची सोयही इथलीच. २०१६ च्या डिसेंबरपासून त्याच्या दुकानात मराठी पुस्तकंही आहेत आणि देवनागरी ते नीट दाखवतं. मात्र केबलने कॉपी केलेला ईपब किंडल उघडत नाही. तो एझेडडब्ल्यू३ मध्ये बदलून द्यावा लागतो, किंवा 'सेंड टू किंडल' या ॲमेझॉनच्या मोफत सेवेतून पाठवावा लागतो. २०२२ पासून ती सेवा ईपब थेट घेते, वेबवरून २०० एमबीपर्यंतची फाइल पाठवता येते, आणि फाइल वाटेतच किंडलच्या प्रकारात बदलली जाते. मोबी मात्र ही सेवा आता स्वीकारत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने विकत घेतलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने चढवण्याची सोय बंद केली. त्यावरून "किंडलवर आता स्वतःच्या फायली टाकता येत नाहीत" असं बोललं जातं. तसं नाही. बदल त्यांच्या दुकानातल्या पुस्तकांपुरता आहे, तुमच्या फायली पूर्वीसारख्याच केबलने जातात.

कोबो आणि पॉकेटबुक ही दुसरी जात. ईपब हाच त्यांचा मूळ प्रकार, काही बदलायची गरज नाही, आणि केबल लावली की फाइल ओढून टाकायची. स्वतःच्या फायली वाचणाऱ्यांची जगभर यांना पसंती आहे ती याचसाठी. आपल्याकडे मात्र ही यंत्रं किंडलसारखी सहज मिळत नाहीत. परदेशातून कुणी आणलं तर वॉरंटी तिकडचीच, आणि मागवलं तर सीमाशुल्क. कोबोवर मराठी ईपब मोडका दिसला तर तोच ईपब 'केईपब' प्रकारात बदलून बघा. कोबोत हे दोन प्रकार दोन वेगळ्या इंजिनांवर उघडतात, त्यामुळे निकाल वेगळा येऊ शकतो.

तिसरी जात अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरांची, त्यांतलं ठळक नाव बूक्स. यांच्यावर मोबाइलसारखी ॲप टाकता येतात. मराठी वाचकासाठी हा मोठा मुद्दा आहे, कारण पुण्याच्याच बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात. तुम्ही तिथून बरीच पुस्तकं घेतली असतील तर किंडल त्यांच्या उपयोगाचं नाही. पीडीएफसाठीही ही यंत्रं सरस: समास कापणं, पुसट स्कॅन गडद करणं, पान तुकड्यांत वाचणं, सगळं त्यांच्या मूळ वाचन-प्रोग्रॅममध्येच असतं. उणी बाजू अशी की बॅटरी लवकर उतरते, सेटिंगांचं जंगल असतं, आणि नोटिफिकेशन बंद न केल्यास वाचनाची शांतता जाते.

यांच्या जोडीला 'केओरीडर' हा मुक्त वाचन-प्रोग्रॅम लक्षात ठेवा. तो कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइड यंत्रांवर टाकता येतो. फॉन्टच्या मेन्यूत कर्निंग (अक्षरं जुळवायची सेटिंग) 'बेस्ट' वर ठेवलं की त्यात देवनागरी नीट जुळते, आणि पीडीएफमधल्या ओळी छोट्या पडद्यासाठी नव्याने मांडायची सोयही त्यात आहे. ती पानाचं चित्रच कापून ओळी रचते, त्यामुळे स्कॅनवर आणि जुन्या फॉन्टच्या पीडीएफवरही चालते.

तर मग कुठला? ईपब जास्त आणि तांत्रिक खटपट नको: किंडल. स्कॅन जास्त, किंवा मराठी ॲपमधली पुस्तकं जास्त: १०.३ इंची अँड्रॉइड ई-रीडर. ईपब जास्त, एकाच कंपनीवर अवलंबून राहायचं नाही आणि यंत्र आणून देणारं कुणी परदेशात आहे: कोबो.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवू नका. इंचाला ३०० ठिपके असावेत, जुन्या स्वस्त मॉडेलांत १६७ असत आणि त्यात मराठी खरखरीत दिसते. मजकुराची पुस्तकं एक-दोन एमबीची असल्याने १६ जीबी भरपूर झाले, स्कॅन जास्त असतील तरच ३२ बघा. पिवळसर होणारा उजेड रात्री वाचणाऱ्यांना बरा पडतो. पावसाळ्यात पीएमपीच्या बसने ये-जा करत असाल तर पाण्यापासून बचाव असलेलं मॉडेल घ्या. किंडलमध्ये पेपरव्हाइटला तो आहे, साध्या किंडलला नाही.

पायरी पाचवी: पुण्यात खरेदी

ई-रीडर चालू करून हातात देणारी दुकानं कमी. त्यापेक्षा ज्याच्याकडे आहे अशा माणसाला गाठा. हिंजवडीच्या ऑफिसांत किंवा कॉलेजांत शोधलंत तर कुणी ना कुणी सापडेल, आणि वाचणारी माणसं आपलं यंत्र आनंदाने दाखवतात. परीक्षेची फाइल आणि तुमचा सगळ्यात वाईट स्कॅन पेनड्राइव्हवर घेऊन जा. ऑनलाइन मागवणार असाल तर परतीची मुदत आधी वाचा आणि यंत्र आल्या दिवशीच या दोन्ही फायली चढवा.

वापरलेलं घेत असाल तर तीन गोष्टी समोर करून घ्या. आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र काढून टाकलेलं असावं, नाहीतर ते तुमच्या खात्याला जोडताना अडचण येऊ शकते. ते मूळ स्थितीत रीसेट करून पुन्हा सुरू करून बघा. आणि पूर्ण पांढरं व पूर्ण काळं पान आणून पडद्यावर रेघ किंवा न बदलणारा डाग नाही ना ते बघा. ई-पेपरचा पडदा तडकला तर बाहेरची काच शाबूत दिसू शकते आणि नवा पडदा बसवणं परवडत नाही. जाड पाठीचं कव्हर त्याच दिवशी घ्या. केबल तपकीर गल्लीत मिळेल, पण मागताना "डेटा जाणारी" असं सांगा. नुसती चार्जिंगची केबल लावली की संगणकाला यंत्र दिसत नाही आणि माणूस यंत्रालाच दोष देत बसतो.

पायरी सहावी: पहिलं पुस्तक चढवणं

संगणकावर 'कॅलिब्रे' घ्या. हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम आहे, कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि तो आजही सातत्याने सुधारत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. पहिल्यांदा उघडल्यावर तो तुमचं यंत्र कुठलं ते विचारतो. बरोबर निवडा, म्हणजे फायली कुठल्या प्रकारात बदलायच्या ते त्याला कळतं.

फोल्डरातले ईपब उचलून त्याच्या खिडकीत टाका. मग एकेक पुस्तक निवडून माहितीची खिडकी उघडा आणि नाव व लेखक देवनागरीत नीट लिहा. भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडा. हीच ती नोंद. लेखकाच्या नावाशेजारी क्रमवारीसाठी वेगळा रकाना असतो, तिथे आडनाव आधी आलं आहे ना ते बघा, नाहीतर सगळे लेखक पहिल्या नावाने लागतील. शंभर पुस्तकांना हे एका बैठकीत होत नाही. आता वाचणार त्या दहांचं करा, बाकीची सवडीने.

कॅलिब्रे आपल्या साठ्यातल्या फोल्डरांची नावं रोमन अक्षरांत करून ठेवतो. ती विचित्र दिसतात म्हणून तिथे जाऊन हाताने बदलू नका, त्याची नोंदवही बिघडेल.

आता यंत्र केबलने जोडा. नवी किंडल मॅकला साध्या ड्राइव्हसारखी दिसत नाहीत, तिथेही कॅलिब्रे त्यांच्याशी बोलू शकतो, फक्त त्या वेळी दुसरा कुठला फाइल-प्रोग्रॅम उघडा ठेवू नका. वरच्या पट्टीवर यंत्राचं चिन्ह दिसलं की पुस्तक निवडून यंत्राकडे पाठवायचं बटण दाबा. किंडलसाठी बदल करायचा का असं तो विचारेल, होकार द्या. काम झालं की आधी यंत्र 'इजेक्ट' करा, मग केबल काढा.

पहिल्यांदा परीक्षेचीच फाइल पाठवा. ती नीट दिसली की अक्षराचं माप, ओळींमधलं अंतर आणि समास एकदा लावून घ्या. देवनागरीला ओळींमधलं अंतर थोडं जास्त ठेवा, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना टेकू नयेत इतपत. दोन्ही बाजू सारख्या करणारी मांडणी बंद करून बघा. मराठीत लांब शब्द बरेच, आणि ओळ ताणली की शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

पीडीएफ कॅलिब्रेमधून ईपब करायचा मोह आवरा. युनिकोड असला तरी पानांचे आकडे आणि शीर्षओळी मजकुरात घुसतात. तो आहे तसाच चढवा, आणि नको असलेले समास यंत्रावर किंवा आधीच संगणकावर कापून घ्या.

हे सगळं झालं की कॅलिब्रेचा साठा ज्या फोल्डरात आहे तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि नवी पुस्तकं टाकाल तेव्हा पुन्हा करा. यंत्र बिघडलं, हरवलं किंवा पाच वर्षांनी बदललं तरी नावं लिहिलेली, भाषा नोंदवलेली सगळी पुस्तकं त्याच फोल्डरातून नव्या यंत्रावर तासाभरात चढतील.